चौकातला पुतळा: हलवायचा की ठेवायचा हे ठरवण्याआधी

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा दिसतो: गोव्यातल्या एका शहराच्या मुख्य चौकात पोर्तुगीज काळातल्या गव्हर्नराचा ब्राँझचा पुतळा आहे. तो हलवण्याचा ठराव पुढच्या महिन्यात पालिकेच्या सभेत येणार आहे. नागरिक समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो गुलामीची खूण कशाला, दुसरा म्हणतो इतिहास पुसू नका. आणि तुम्ही विचारताय की तज्ज्ञांच्या दृष्टीने बरोबर बाजू कोणती.

बाजू सांगतो, पण आधी एक दुरुस्ती. ‘काढायचा की ठेवायचा’ हा एक प्रश्न दिसत असला तरी त्यात चार प्रश्न अडकलेले असतात: पुतळा कोणाच्या मालकीचा, निघाला तर जाणार कुठे, रिकाम्या चौथऱ्याचं काय, आणि हे सगळं लोकांना कुठे लिहिलेलं सापडेल. वाद पहिल्या दिवसापासून भावनेवर चालतो, पण फसतो तो या चारांपैकी एखाद्याचं उत्तर तयार नसल्यामुळे. क्रेन येते, पुतळा उतरतो आणि मग पालिकेच्या गोदामात टायर आणि जुन्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून राहतो. मग ठेवा म्हणणारे चिडलेले आणि काढा म्हणणारेही चिडलेले, कारण चौकात अर्धवट फोडलेला चौथरा उभा.

आता ‘काळ’ या मुद्द्याबद्दल. पोर्तुगीज राजवटीत बसवला म्हणून पुतळा वाईट, हे गोव्यातच टिकत नाही. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा १९४५ साली, पोर्तुगीज अमलातच बसला. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. कांदोळीत जन्मलेला, संमोहनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत गणला जाणारा हा माणूस तिथून हलवावा असं कोणी म्हणत नाही. उलट २०२१ च्या डिसेंबरमध्ये कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा बसला तेव्हा काळे झेंडे निघाले. ना तो गव्हर्नर, ना वसाहतकाळाशी त्याचा संबंध. पण मुक्तिदिनाच्या षष्ट्यब्दीच्या काळात पोर्तुगालचा खेळाडू, एवढं पुरलं. म्हणजे विचारायचं ते असं: हा पुतळा कोणी, कोणाला सांगण्यासाठी बसवला, आणि आज त्या जागेवर उभा राहून तो काय सांगतो? गव्हर्नराचा पुतळा सत्ता इथे बसते हे सांगायला बसवलेला असतो, तोही बहुधा पालिका, कचेरी आणि चर्च यांच्या मध्ये. आबे फारियांचं तसं नाही.

गोव्यात या विषयाची धार जास्त का, हे बाहेरच्यांना कळत नाही. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा इथल्या घराण्यांनी देव पाठीवर घेऊन नदी ओलांडली आहे. पण तुलना करायचीच तर पद्धतीची करा: ज्यांनी देव हलवले त्यांनी मूळस्थान विसरू दिलं नाही. आजही विचारलं तर मूळ गाव सांगतात. हलवणं आणि पुसणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे गोमंतकीयाला वेगळं शिकवावं लागत नाही. सभेत हेच बोला, दोन्ही बाजूंना पटतं.

आपल्याकडची उदाहरणंही हेच दाखवतात. पणजीच्या आझाद मैदानातल्या खांबांच्या मंडपात पूर्वी गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्क होता आणि मैदानही त्याच्याच नावाचं होतं. आज तिथे गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीतले नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. जुन्या गोव्यात १९६० साली उभारलेला पोर्तुगीज कवी लुईश द कामोंइशचा ब्राँझ पुतळा स्वातंत्र्यसैनिकांच्या मागणीनंतर १९८० च्या दशकात हलला. आल्बुकेर्क आणि कामोंइश दोघेही आज जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, तिकीट काढून बघता येतात. आणि पुतळ्यावरचा राग फक्त मुक्तीनंतरचा, असंही नाही. जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीवरचा वास्को द गामाचा पुतळा १६०० च्या सुमारास लोकांनी रात्री फोडून त्याचे तुकडे शहरात लटकवले होते. तो उभारणारा त्याचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय म्हणून नकोसा झाला होता, म्हणून. म्हणजे फोडणारे बहुतेक पोर्तुगीजच.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सभा जिंकायची की हरायची ते इथे ठरतं.

सगळ्यात आधी जागा कोणाची ते बघा. चौक पालिकेचा असेल असं गृहीत धरू नका. शहरी भागात सिटी सर्व्हेचा फॉर्म डी (जमिनीचा उतारा) काढा, त्यावर पी. टी. शीट आणि चलता क्रमांक, म्हणजे नकाशाचा आणि भूखंडाचा क्रमांक येतो. शहराच्या हद्दीत नंतर आलेला भाग असेल तर फॉर्म एक आणि चौदा. त्यात मालक म्हणून कधी पालिका निघते, कधी सार्वजनिक बांधकाम खातं, कधी कोमुनिदाद (गावच्या सामायिक जमिनीची जुनी संस्था), कधी चर्चची फाब्रिका (चर्चची मालमत्ता सांभाळणारी समिती). कोमुनिदादची जमीन असेल तर पालिकेच्या ठरावाने पुढे काहीच सरकत नाही, कोमुनिदाद संहितेप्रमाणे त्यांच्याकडून यावं लागतं. आणि रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर क्रेन उभी करायलाही त्यांचा कागद लागतो.

दुसरं वय. शंभर वर्षं पूर्ण झालेलं शिल्प पुरावस्तूंबद्दलच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकतं, आणि मग नोंदणी, हस्तांतर सगळं वेगळ्या वाटेने जातं. शिवाय शंभर मीटरच्या आत केंद्र-संरक्षित स्मारक असेल तर नवं बांधकाम निषिद्ध, त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित. राज्य-संरक्षित वास्तूंसाठी गोव्याचा १९७८ चा कायदा वेगळा. वय कसं ठरवायचं? चौथऱ्यावरची तारीख नेहमी खरी नसते, कारण अनेकदा चौथरा जुना आणि पुतळा नंतरचा, किंवा उलट. पायथ्याच्या मागच्या बाजूला, टाचेजवळ ओतकाम कारखान्याचा शिक्का आणि शिल्पकाराची सही बघा. मग पणजीच्या पुराभिलेखात पालिकेची जुनी इतिवृत्तं आणि सरकारी बोलेतीं (त्या काळची राजपत्रं) चाळा. पुतळा सरकारी खर्चाने बसला की लोकवर्गणीने, आणि वर्गणी असेल तर कोणाकडून, हे तिथे मिळतं. वर्गणीदारांची यादी हा सभेतला सगळ्यात मोठा गौप्यस्फोट ठरू शकतो. दोन्ही तटांचे आजोबा त्यात निघतात.

तिसरं, आणि इथे बहुतेक पालिका चुकतात. ठरावात ‘पुतळा हटवून त्या जागी अमुक महापुरुषाचा पुतळा बसवावा’ असं लिहितात. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात राज्यांना सांगितलं आहे की रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नवा पुतळा बसवायला परवानगी देऊ नका. जुना पुतळा आदेशाच्या आधीचा म्हणून उभा राहू शकतो. नवा हा नवाच. एका ठरावात दोन्ही घातलं तर दुसऱ्या भागाला आव्हान मिळतं आणि पहिला भागही लटकतो. काढण्याचा ठराव सुटा करा. चौथऱ्याचं पुढे काय, हा वेगळा विषय. आणि परवानगीचा मुद्दा दुधारी आहे हेही लक्षात ठेवा. २०२४ मध्ये कळंगुट पंचायतीने छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा विनापरवाना म्हणून हटवण्याचा आदेश काढला आणि लोक जमल्यावर मागे घेतला. आज एका पुतळ्याबद्दल तुम्ही जो नियम उगाळाल, तो उद्या दुसऱ्यालाही लागू होईल, याची तयारी ठेवून बोला.

चौथं म्हणजे जाण्याची जागा. ‘संग्रहालयात ठेवावा’ असं ठरावात लिहिल्याने संग्रहालय तो घेत नाही. जुन्या गोव्याचं संग्रहालय केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं आहे, तुमची पालिका त्यांना आदेश देऊ शकत नाही. लेखी स्वीकारपत्र हवं, त्यात चार गोष्टी हव्यात: कुठे ठेवणार, किती दिवसांत, देखभाल कोणाची, आणि कायमचं दान की उसना. राज्य संग्रहालय असो वा पालिकेचं सभागृह, मजल्याची ताकद विचारा. सार्वजनिक इमारतींचे मजले साधारण चौरस मीटरला चारशे-पाचशे किलोंच्या हिशेबाने बांधतात. पुतळा आणि त्याचा दगडी पाया मिळून दोन-तीन टन एका चौरस मीटरवर आले तर वरच्या मजल्याचा विचारही नको. तळमजला, तोही दरवाजाची उंची मोजून.

माझं मत इथे सांगतो. गव्हर्नराचा पुतळा असेल, तो चौकाच्या मध्यावर असेल आणि स्वीकारपत्र हातात असेल, तर हलवा. स्वीकारपत्र नसेल तर हलवू नका, जागेवरच फलक लावा आणि थांबा. चौकातला पुतळा निदान दिसतो तरी, गोदामातला कोणालाच शिकवत नाही. यावर वाद घालता येईल, पण उलट क्रमाने काम केलेलं बरं झाल्याचं उदाहरण माझ्यासमोर नाही.

फलकाला कमी लेखू नका. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात गुलामांचा व्यापार करणाऱ्या एडवर्ड कोल्स्टनचा १८९५ चा ब्राँझ पुतळा होता. गुलामगिरीचा उल्लेख करणारा फलक लावायचं ठरलं, मजकुरावर शब्दाशब्दाची ओढाताण झाली, फलक ओतूनही झाला आणि २०१९ मध्ये तो थांबवला गेला. ७ जून २०२० ला जमावाने पुतळा दोरखंडाने पाडून बंदरात टाकला. चार दिवसांनी तो पाण्यातून काढला. आतली सफाई करताना कोटाच्या मागच्या भागात १८९५ चं एक मासिक सापडलं, त्यावर पुतळा बसवणाऱ्यांची नावं लिहिलेली होती. पुढे संग्रहालयात तो आडवा ठेवून दाखवला, लोकांनी फासलेल्या रंगासकट. तुमच्याकडे कोणी पुतळ्यावर रंग टाकला तर तोही लगेच घासून काढू नका. आधी फोटो, मग चाचणी. रंग हाही त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग झाला असेल, आणि घाईत वापरलेला थिनर ब्राँझच्या पृष्ठभागावर डाग सोडतो.

आता प्रत्यक्ष उतरवणं. इथे खूप लिहितो, कारण पालिकेचा कंत्राटदार ‘एक हायड्रा आणि चार माणसं, दोन तासांचं काम’ असं सांगेल. (हायड्रा म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन.)

वजनाचा अंदाज आधी. तीन मीटर उंच पोकळ ब्राँझ पुतळ्याचं पृष्ठफळ झगा-तलवारीसकट आठ चौरस मीटरच्या आसपास धरा. जाडी सहा ते दहा मिलिमीटर आणि ब्राँझची घनता घनमीटरला सुमारे ८,८०० किलो. म्हणजे सव्वाचारशे ते सातशे किलो. आत लोखंडी सांगाडा आणि ओतकामाची माती राहिली असेल तर त्याहून जास्त. संगमरवर किंवा ग्रॅनाइट असेल तर हिशेब वेगळा, एक घनमीटर म्हणजे सुमारे २.७ टन, आणि दगडाला ताण सोसत नाही, हात आणि मान आधी जाते. तुमचा ब्राँझ आहे हे नीट तपासा. रंग दिलेलं सिमेंट किंवा फायबर लांबून ब्राँझच वाटतं. नखाने नाही, नाण्याने हलकं टिचकून ऐका, आणि चुंबक लावून बघा. ब्राँझला तो चिकटत नाही, आतल्या लोखंडापाशी मात्र ओढ जाणवू शकते.

पुतळा चौथऱ्याला कसा धरला आहे, हा खरा प्रश्न. जुन्या पद्धतीत पायथ्यातून चार ते सहा लोखंडी किंवा ब्राँझचे गज दगडात उतरवून शिसं ओततात. गोव्यात वर्षाला तीन मीटरच्या घरात पाऊस आणि खारी हवा, त्यामुळे लोखंडी गज गंजून फुगलेले असतात आणि दगडाला तडे गेलेले असतात. चौथरा वरून तासलेला दगड दिसला तरी आतून बहुतेकदा चिऱ्याचा भराव, चुन्यात बांधलेला, मधे पोकळ्या. त्यावर ब्रेकर चालवला तर पुतळा सुटायच्या आधी चौथरा ढासळतो. पुतळ्याच्या पायथ्याजवळच्या पाणी निघण्याच्या भोकांतून बारीक कॅमेरा घालून आत बघा. भोकं बुजलेली असतील तर आत पाणी साचलेलं असू शकतं, ते आधी काढा. गज कापायचे ते दगड आणि ब्राँझ यांच्या सांध्यात, डायमंड वायरने किंवा बारीक पात्याच्या करवतीने, मधे पाचरी सरकवत. ग्राइंडरच्या ठिणग्या ब्राँझवर पडल्या की गंजाचे ठिपके उरतात, तेव्हा तिथे ओलं कापड झाका.

उचलताना गळ्यात, बगलेत किंवा तलवारीला पट्टा घालायचा नाही. पायथ्याखाली लोखंडी चौकट सरकवा आणि वजन त्या चौकटीवर घ्या. कमरेच्या वरचा नायलॉनचा पट्टा फक्त तोल सांभाळण्यासाठी, त्याखाली जाड फेल्ट. साखळी आणि तारेचा दोर पुतळ्याला टेकता कामा नये. हायड्रावर ‘१२ टन’ लिहिलेलं असतं ते बूम, म्हणजे क्रेनचा लांब होणारा हात, आखडलेली असताना. बूम लांबवली की क्षमता झपाट्याने घसरते, म्हणून लोड चार्ट (कोणत्या अंतरावर किती वजन चालेल याचा तक्ता) मागा आणि त्या अंतरावरच्या क्षमतेच्या निम्म्यावर वजन ठेवा. पहिली उचल पाच सेंटिमीटरच, मग दोन मिनिटं थांबा. एखादा गज अडकलेला असेल तर इथे कळतं. ओढून काढायला गेलात तर तो एकदम सुटतो आणि सातशे किलो हवेत झोके घेतात. अपघात नेमके असेच होतात.

वाहतूक उभ्याने जमणार नाही. ट्रकचा हौदा सव्वा मीटर, त्यावर तीन मीटरचा पुतळा आणि खोका मिळून सव्वाचार मीटरच्या पुढे जातं, आणि आपल्या गावांतल्या वीजतारा तुम्हाला माहीत आहेत. पाठीवर झोपवून, फोम लावलेल्या लाकडी पाळण्यात न्या. वीज खात्याला आधी कळवा.

सगळ्याच्या आधी नोंद: चारी बाजूंनी एकमेकांवर सत्तर टक्के चढणारे फोटो, म्हणजे त्यावरून त्रिमितीय प्रतिकृती बनते. लेखांचे ठसे, तडे-डाग दाखवणारा आलेख, आणि चौथऱ्याच्या प्रत्येक दगडावर क्रमांक. चौथरा पुन्हा लावायचा झाला तर या क्रमांकांशिवाय कोणीही लावू शकणार नाही.

हंगाम म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. इथे एक मोह असतो, ‘१९ डिसेंबरच्या आत उतरवायचाच’. मुक्तिदिनाची तारीख ठरवली की कागद घाईत होतात आणि काम रात्री होतं. रात्री काढलेला पुतळा सकाळी चोरल्यासारखा दिसतो, मग तुम्ही कितीही कायदेशीर असा. दिवसा काढा, आदल्या आठवड्यात वेळ जाहीर करा, पोलिसांना लेखी कळवा, नगराध्यक्षांनी स्वतः हजर राहावं.

संग्रहालयात पोचल्यावर पुतळा चकाचक करायला जाऊ नका. हिरवट-तपकिरी थर हा ब्राँझचा संरक्षक थर आहे. समईला लावतो तशी चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावली की तो जातो आणि खाली क्षार घुसतात. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर मात्र तो आजार आहे, खाऱ्या हवेतल्या क्लोराइडमुळे होतो, आणि दमटपणा चाळीस टक्क्यांच्या खाली नेल्याशिवाय थांबत नाही. आपल्याकडे बंद काचेत सिलिका जेलशिवाय हे शक्य नाही. तीन मीटरच्या पुतळ्याला काच कोण करणार? म्हणून निर्क्षार पाण्याने धुणं, पूर्ण वाळवणं आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा थर, दर वर्षी पावसाळ्याआधी. हे काम संवर्धकाकडून, रंगाऱ्याकडून नाही.

राहिला चौथरा. माझ्या मते तो फोडू नये. दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीतून पाचवा जॉर्ज १९६८ मध्ये हलला आणि छत्री २०२२ पर्यंत रिकामी होती. त्या रिकामेपणाकडे बघून अनेकांनी विचारलं, इथे कोण होतं? मुंबईत सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, पण चौकाचं नाव ‘काळा घोडा’च राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे स्वार नसलेला घोडा बसला. रिकामा चौथरा म्हणजे अपुरं काम असं समजू नका. मूळचा पोर्तुगीज लेख तसाच ठेवा, शेजारी नवा फलक लावा. मजकूर एका भाषेत ऐंशी शब्दांच्या आत, कारण चौकात उभं राहून माणूस अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वाचत नाही. कोणाचा होता, कोणी व केव्हा बसवला, कोणत्या ठरावाने हलला, आता कुठे आहे. विशेषणं एकही नको. ‘क्रूर’ आणि ‘थोर’ या दोन्ही शब्दांवर सभेत पाच पाच तास जातात. कोंकणी, मराठी आणि इंग्रजी तिन्ही ठेवा. कोंकणी कोणत्या लिपीत यावरून नवा वाद निघेल, त्यासाठी वेगळी सभा ठेवावी लागेल.

तुमच्या सभेसाठी एवढंच सुचवतो: ठरावाला विरोध किंवा पाठिंबा न देता दुरुस्ती मांडा, की स्वीकारपत्र, जमिनीचा उतारा आणि संवर्धकाचा अहवाल येईपर्यंत क्रेन बोलावू नये, आणि हरकती लेखी घेण्यासाठी तीस दिवस द्यावेत. हरकतीच्या फॉर्मवर ‘काढा / ठेवा’ असे दोन चौकोन नकोत. ‘पुतळा कुठे असावा आणि चौथऱ्यावर काय लिहावं’ असं विचारा. तट तिथेच सैल होतात, कारण लोकांना खरंच काहीतरी सुचवावं लागतं.

फॉर्म डी आणि पायथ्याच्या मागच्या शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो मिळाला तर पाठवा. शिक्का वाचता आला की ओतकाम आणि वय, दोन्हींबद्दल पुढचं नेमकं सांगता येईल.